एकशे दहा पावलं

आमच्या घरात एक गाडी गेली बावीस वर्षं सुटायची आहे. इंजिन आहे, पाच डबे आहेत, सगळे कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलेले. स्टेशन कुठलं, तेही ठरलेलं आहे. फक्त रूळ टाकायचे राहिलेत. ते राहिलेत कारण आराखडा पक्का झालेला नाही, आणि आराखडा पक्का झालेला नाही कारण तो करणारे गृहस्थ माझे पती आहेत.

हे नोकरीत मोजणीदार होते. जमिनींच्या हद्दी मोजून द्यायचं काम. दोन शेजारी एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे आणि हे मध्ये उभे राहून शांतपणे फीत उलगडायचे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी खोड गेली नाही. पलंग भिंतीपासून किती अंतरावर आहे हे घरात कुणी कधी विचारलेलं नाही, पण यांना विचारा, सांगतील. मी यांना मोजणीदारच म्हणते. हे मला शिंपीणबाई म्हणतात, कारण चाळीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवते आहे. दोघांच्याही गळ्यात फीत. लग्नाच्या फोटोत तेवढी नाही.

मागची खोली गाडीची. तिथे कपाट नाही, पलंग नाही, भिंतींवर नुसते चौकटींचे कागद. 'खेळण्यातली गाडी' असं कुणी म्हटलं की मोजणीदारांच्या कपाळाला आठी पडते. खऱ्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा, हा त्यांचा हिशोब. दीड मीटरची बाई त्यात पावणेदोन सेंटिमीटरची होते. पुठ्ठ्याचे डबे कापून ते कागदावर सरकवत बसतात. वळण आवळून घेतलं की डबे उतरतात, सैल सोडलं की खोली संपते. रूळ ज्या फळीवर बसायचे ती रुंद केली की मागच्या कडेला घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोचत नाही, अरुंद केली की स्टेशन मावत नाही. हात कुठवर पोचतो हे ठरवायला त्यांनी मला इस्त्रीच्या टेबलावर ओणवं केलं होतं. पासष्ट सेंटिमीटर. म्हणजे रुळाच्या मागे पासष्टच्या पलीकडे काही नको. असे एकोणीस आराखडे झाले. एकोणीसच्या एकोणीस खोलीबाहेर गेले.

दुसरं कुणी असतं तर मनाचं स्टेशन काढून मोकळं झालं असतं. इथे तसं चालणार नव्हतं, कारण स्टेशन माझं होतं.

माझे वडील आडवळणाच्या एका स्टेशनावर मास्तर होते. एक फलाट, एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला इंजिनाला पाणी भरायची टाकी, आणि रुळांच्या मागे आमचं घर. पुढे ती लाइनच बंद झाली, रूळ उखडले, टाकी पाडली. तिथे आता काय आहे ते बघायला मी कधी गेले नाही. मोजणीदारांनी रेल्वेच्या कचेरीत तीनदा अर्ज करून नकाशा मागितला. तीनदा उत्तर आलं की उपलब्ध नाही. ते स्टेशन आता फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि यांना ते फळीवर उतरवून मला द्यायचं होतं. बावीस वर्षांपूर्वी मी एकदा तापात पडले होते. तापात मी म्हणे फलाट मोजत होते. बरी झाल्यावर यांनी पहिला कागद ताणून लावला आणि म्हणाले, "सांग, घरापासून फलाट किती?"

मी म्हटलं, "एकशे दहा पावलं."

हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी चुकणार नाही. त्याचं कारण सांगायला हवं.

मी सहा वर्षांची होते. सकाळी दहाची गाडी फलाटाला लागलेली होती. मी घराच्या दारात, एका पायात बूट, दुसरा हातात. आई कापडी पिशवी घेऊन शेवटच्या डब्यापाशी उभी होती, तिची पाठ माझ्याकडे. आई कुठे जाते आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हाक मारली. तीनदा मारली. ती वळली नाही. डब्यात चढली, गाडी गेली, आणि आई काही परत आली नाही. का गेली, कुणाकडे गेली, वडिलांनी कधीही सांगितलं नाही. मी पंधरा वर्षांची असताना ती वारल्याचं पत्र आलं, अनोळखी अक्षरातलं. वडिलांनी ते वाचून खिशात ठेवलं आणि पुढच्या गाडीला झेंडी दाखवायला गेले.

ती गेली त्या दिवशी संध्याकाळी मी वडिलांना विचारलं होतं, की मी हाक मारली तर आईने बघितलं का नाही? ते म्हणाले, "एवढ्या लांबून तिला कसं ऐकू जाणार, बाळा? तुझा आवाज तो केवढासा."

तेवढं एक वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून दहाच्या गाडीला मी दारातून निघायची आणि फलाटापर्यंत पावलं मोजत जायची. नवीनच अंक शिकले होते. एकशे दहा. मला तो आकडा केवढा मोठा वाटायचा. एवढ्या लांबून कुणाला ऐकू जाईल? मग मला मोजायचा नादच लागला. खिशात खडे ठेवायचे, दर शंभराला एक खडा या खिशातून त्या खिशात. फाटकापासून टाकीपर्यंत पाचशे चाळीस. वर्षभर मी ते सगळं स्टेशन पायांनी मोजत होते आणि आईची वाट बघत होते. एका वेळी दोन्ही.

आईची आठवण येते असं मी म्हणत नाही, कारण आठवायला फार थोडं आहे. तिचा चेहराही नाही, पाठच जास्त. मला ती हवी असते, एवढं खरं. या वयातही हवी असते. मशीनवर बसलेली असते, पाय चालू असतात, आणि एकदम वाटतं की कुणीतरी मागून येऊन म्हणावं, पुरे झालं आता, ऊठ. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मोजणीदारांना हे सगळं ठाऊक आहे. लग्नानंतर वर्षभरात मी सांगून टाकलं होतं.

तर एकशे दहा पावलं म्हटल्यावर यांनी विचारलं, "पाऊल केवढं?" दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी हे नव्हेत. माझ्या टाचेला खडू लावला आणि मला व्हरांड्यात दहा वेळा इकडून तिकडे चालवलं. मग गुडघे टेकून खुणा मोजल्या, सरासरी काढली, आणि पहिल्या कागदावर लाल शाईत लिहिलं: पाऊल म्हणजे बासष्ट सेंटिमीटर. माझं पाऊल इतक्या आदराने कुणी मोजलं नव्हतं. मी दोन दिवस हवेत होते.

त्या बासष्टवर एकोणीस आराखडे उभे राहिले आणि पडले. फाटकापासून टाकीपर्यंतच खऱ्यात तीनशे पस्तीस मीटर, म्हणजे फळीवर तीन मीटर पंच्याऐंशी. खोली तीन साठ. शिवाय दोन्ही टोकांना गाडी वळवायला जागा हवी. घर रुळापासून अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर, तिथे हात पोचत नाही. भिंत पाडायचं निघालं, तेव्हा शेजारणीने हरकत घेतली, कारण भिंत तिचीही होती. मी म्हणायची, "अहो, थोडं इकडे तिकडे करा की. मी काय पट्टी घेऊन बसणार आहे?" हे म्हणायचे, "तू नाही बसणार. मी बसेन."

या वर्षी मोजणीदारांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कप बशीवर वाजायचा, मग सही बिघडली. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाईल, बारीक कामं लवकर उरकून घ्या. ते ऐकून हे घरी आले ते सरळ मागच्या खोलीत गेले. दोन तासांनी मी चहा घेऊन गेले तर विसाव्या कागदापुढे बसलेले. पेन्सिलीची वळणं शिवण उसवल्यासारखी झाली होती.

"एक विचारू?" ते म्हणाले. "घर गाळलं तर?"

"कुठलं घर?"

"तुमचं. नुसतं स्टेशन ठेवतो, तेही कापून. निदान गाडी तरी फिरेल. हात आहे तोवर."

या माणसाने जन्मात कधी काही कापून बसवलेलं नव्हतं. मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन मशीनवर बसले. रडू येत होतं, पण दुसऱ्या दिवशी बारा पँटी द्यायच्या होत्या.

पहिलीच्या वर्गाच्या पँटी होत्या. सहा वर्षांचं माप मला तोंडपाठ आहे, आतली शिवण साडेअठरा इंच. कापडावर खडू टेकवला आणि माझा हात तिथेच थांबला. साडेअठरा इंचाचा पाय. एवढ्याशा पायाचं पाऊल बासष्ट सेंटिमीटर पडेल? चालताना तरी पडणार नाही.

बावीस वर्षं. एकाने जन्मभर दुसऱ्याच्या फितीवर विश्वास ठेवला नाही, दुसरीने जन्मभर पोरांचे पाय मोजले, आणि दोघांनी मिळून चाळीस वर्षांच्या बाईला व्हरांड्यात चालवून सहा वर्षांच्या मुलीचं पाऊल काढलं. यांना ते सुचलं नाही हे एक वेळ समजू शकते. मला का सुचू नये? खरं सांगायचं तर डोक्यातली ती मुलगी माझ्याबरोबर मोठी होत गेली होती. दारात बूट घेऊन मीच उभी होते, आहे तेवढीच.

मी तेव्हा काडी होते. सहाव्या वर्षी चार वर्षांच्या मुलीचे कपडे मला होत. पाऊल फार तर चाळीस सेंटिमीटर. गणवेशाच्या पावतीमागे मी गुणाकार केला. फाटकापासून टाकीपर्यंत दोनशे सोळा मीटर. फळीवर अडीच मीटरहूनही कमी. म्हणजे स्टेशन खोलीत मावत होतं, पहिल्यापासून मावत होतं. हर्ष व्हायला हवा होता. मग मी दुसरा गुणाकार केला. एकशे दहा गुणिले चाळीस.

चव्वेचाळीस मीटर.

पावती मी घडी करून सुयांच्या डब्यात ठेवली आणि तीन दिवस कुणाला काही बोलले नाही. सांगितलं तर यांची गाडी सुटणार होती. आणि सांगितलं तर माझं ते एक वाक्य जाणार होतं, ज्यावर मी छप्पन्न वर्षं काढली. एवढ्या लांबून. कुठलं एवढ्या लांबून? चव्वेचाळीस मीटरवरून मी रोज भाजीवाल्याला थांबवते. तीन दिवस मी यांच्यावर उगाच डाफरत होते. चहात साखर जास्त झाली तरी यांचीच चूक. हे बिचारे विसाव्या कागदावरचं आमचं घर खोडत बसले होते. थरथरत्या हाताने खोडताना कागद फाटला, आणि फाटलेल्या जागी हे मागून चिकटपट्टी लावत होते. ते माझ्याच्याने बघवेना. डब्यातून पावती काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग कपाळावर हात मारून इतके हसले की मलाही हसू आलं.

"शिंपीणबाई, आपण दोघं अजागळ आहोत."

"तुम्ही जास्त."

"मीच जास्त." ते उठले, नवा कागद लावला. "दोन मीटर अठ्ठेचाळीस. दोन्हीकडे पंचावन्न-पंचावन्न वळणाला. तीन अठ्ठावन्न. अगं, दोन सेंटिमीटर उरतात."

इतक्या आनंदात हा माणूस मी क्वचितच पाहिला असेल. फाटक काढलं, टाकी काढली, फलाट काढला. पुठ्ठ्याचे डबे फलाटाला लावले. मग घराचा पुठ्ठ्याचा चौकोन उचलला आणि रुळांमागे पन्नास सेंटिमीटरवर ठेवला. हात सहज पोचत होता. त्यांनी पट्टी घराच्या दारापासून शेवटच्या डब्यापर्यंत धरली आणि तशीच धरून राहिले. पट्टी कागदावर टकटक वाजत होती. हाताचं थरथरणं की दुसरं काही, कळत नव्हतं.

"इंजिन चालू होतं," ते म्हणाले.

"इंजिन टाकीपाशी होतं. पार दुसऱ्या टोकाला."

"वारा उलटा असेल."

मोजणीदारांच्या तोंडी 'असेल' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. कोर्टात साक्षीला उभं केलं तेव्हासुद्धा त्यांनी तो उच्चारला नव्हता.

"मी घर जरा मागे घेतो," ते म्हणाले. "कोण बघायला येणार आहे? दहा सेंटिमीटरने काय बिघडतं."

"तुम्ही पट्टी घेऊन बसणार होतात ना?"

त्यांनी पट्टी खाली ठेवली. मी म्हटलं, "चला, मोजून बघू."

"काय?"

"चव्वेचाळीस मीटर. रस्त्यावर. तुम्ही तिकडे पाठ करून उभे राहा, मी इकडून हाक मारते. ऐकू आलं तर हात वर करायचा."

ते नको म्हणाले. लोक बघतील म्हणाले, ऊन आहे म्हणाले, गुडघा दुखतो म्हणाले. मी चपला घातल्या. मग निमूटपणे त्यांनी कपाटातून नोकरीतली जुनी फीत काढली, चामड्याच्या गोल डबीतली, आणि माझ्यामागून आले.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. फितीचं टोक मी आमच्या फाटकापाशी पायाखाली धरलं, आणि हे फीत सोडत गेले. दिव्याचा खांब मागे टाकून ते थांबले. वाकून आकडा पाहिला. फीत गुंडाळून डबी हातात धरली आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या पुढे वीस पावलांवर सायकलवाला आपल्या दुकानाबाहेर चाक उलटं करून बसला होता. समोरच्या सुताराकडे रंधा चालू होता. म्हणजे आवाजही होता, अगदीच शांतता नव्हती.

किती जवळ होते ते. सदऱ्याची कॉलर मळलेली मला इथून दिसत होती.

'अहो' अशी हाक मारायची असं मी मनात ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि दुसरंच आलं. बासष्ट वर्षांची बाई भर रस्त्यात उभी राहून ओरडली, "आई."

मोजणीदार हलले नाहीत.

त्यांच्या पुढचा सायकलवाला मात्र हातातलं चाक सोडून माझ्याकडे बघायला लागला. मी यांचा हात वर जायची वाट पाहिली. गेला नाही. मी पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने. सुताराचा रंधा थांबला. वरच्या मजल्यावरची बाई खिडकीत आली. हात खालीच. डबी तेवढी त्यांनी अंगाशी ओढून घेतली, मला दिसलं. मान ताठ, खांदे वर आलेले, पाय जागच्या जागी रोवलेले. तिसऱ्या हाकेला माझा आवाज फुटला. आणि ज्या माणसाने जन्मभर एका सेंटिमीटरचं खोटं कुणाला दिलं नाही, तो सगळी आळी माझ्याकडे बघत असताना एकटा माझ्याकडे न बघता उभा राहिला.

मी चालत गेले. पावलं मोजली नाहीत. अगदी मागे जाऊन उभी राहिले, माझा श्वास त्यांना कळत असणार, तरी ते वळले नाहीत. छप्पन्न वर्षं मला एका पाठीला वळसा घालून पुढे जायचं होतं, नुसतं एकदा बघायचं होतं. मी वळसा घालून पुढे गेले.

त्यांचे डोळे वाहत होते. हनुवटीवरून पाणी सदऱ्यावर ओघळत होतं. ते पुसायला हात उचलला तर मला खूण वाटेल, म्हणून त्यांनी तो उचललाच नव्हता.

"नाही ऐकू आलं," ते म्हणाले.